सुप्याचा दंगा आणि कर्जरोखे : यंत्र, कायदा व प्रजाक्षोभ यांच्या परस्परसंबंधाचा विचार

१

शके १७९७, म्हणजे इ. स. १८७५ च्या मे महिन्याच्या १२ व्या तारखेस पुणें जिल्ह्यांतील भिमथडी तालुक्यांत सुपें या गांवीं बाजारच्या दिवशीं जमलेल्या कुणब्यांनीं सावकारांच्या दुकानांवर व घरांवर चाल केली. कापड व धान्य लुटलें गेलें, एक घरहि जळालें. परंतु जमावाची खरी ओढ होती ती वह्या, खतें व हुकुमनामे यांकडे. हे कागद बाहेर ओढून त्यांची होळी करण्यांत आली. पुढील कांहीं आठवड्यांत हें लोण भिमथडी, इंदापूर, पुरंदर व शिरूर या तालुक्यांत आणि नगर जिल्ह्यांतील पारनेर, श्रीगोंदें, नगर व कर्जत या तालुक्यांत पसरलें. तीसांवर गांवांत दंगे झाले. दोन्ही जिल्हे मिळून ९५१ माणसें धरलीं गेलीं व त्यांपैकीं ५०१ जणांस शिक्षा झाल्या. कांहीं गांवांवर जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च गांवकऱ्यांवरच लादण्यांत आला.

दंग्यांचा हा वृत्तांत सामान्यतः सर्वांस ठाऊक आहे. तो पुन्हां विस्तारानें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. प्रस्तुत लेखाचा हेतु निराळा आहे. लोहमार्ग, तारायंत्र व जमिनीची मोजणी हीं नवीं साधनें, दिवाणी न्यायालयांचे नवे कायदे आणि प्रजेचा क्षोभ या तिहींचा एकमेकांशीं कार्यकारणसंबंध कोणत्या प्रकारचा असतो, याविषयीं विद्वानांत पुष्कळ वाद आहे. कोणी म्हणतात, यंत्र आलें कीं जुनी घडी विसकटते व दंगा अटळ होतो. कोणी म्हणतात, यंत्र निरुपद्रवी, दोष कायद्याचा. दुसरे कित्येक सरकारी साऱ्याकडे बोट दाखवितात. या वादाचा निर्णय केवळ तर्कानें होणार नाहीं. १८७५ चा दख्खनचा दंगा हें त्याच्या परीक्षेस उत्तम स्थळ आहे. कारण येथें तिन्ही गोष्टी एकाच टापूंत, एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत घडल्या, आणि दंगेखोरांनीं नेमकी कोणती वस्तु नष्ट केली हें निःसंशय ठाऊक आहे. ती वस्तु म्हणजे कागद. जुन्या कागदांवर ज्यांची भिस्त आहे अशा संशोधकांस तरी ही गोष्ट विचारणीय वाटली पाहिजे.

२

प्रथम यंत्रवाद्यांचा पक्ष घेऊं. मुंबईपासून ठाण्यापर्यंतची आगगाडी १८५३ च्या एप्रिलांत सुरू झाली. १८५८ सालीं खंडाळा ते पुणें हा मार्ग खुला झाला, १८६० त गाडी सोलापुरास पोहोंचली आणि १८६३ त बोरघाटाची चढण पुरी होऊन मुंबई व देश यांचा सांधा जुळला. पुण्याहून सोलापुराकडे जाणारा हा रस्ता भिमथडी व इंदापूर या तालुक्यांतूनच गेला आहे. रस्ता बांधतांना मजुरीच्या रूपानें रोख पैसा गांवोगांव खेळला. त्याच सुमारास, १८६१ त, अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. तोंपर्यंत विलायतेंत जाणाऱ्या कापसापैकीं सुमारें तीन चतुर्थांश अमेरिकेंतून जात असे. तो बंद पडतांच हिंदुस्थानच्या कापसाचा भाव चढला व त्याबरोबर धान्य, मजुरी आणि जमीन यांचेहि भाव चढले. सावकारानें हात सैल सोडला. कुणब्यानें कर्ज काढलें. १८६५ त युद्ध संपलें, मुंबईंतील सट्ट्याचा फुगा त्याच वर्षाच्या जुलैंत फुटला आणि पुढें भाव उतरत गेले. लोहमार्गाचें कामहि आटोपलें. उत्पन्न घटलें, खतावरील आंकडा मात्र वाढत राहिला. तात्पर्य, लिव्हरपूलच्या पेठेशीं भिमथडीचा शेतकरी ज्या सूत्रानें जखडला गेला, त्याच सूत्रानें त्याचा गळा आवळला, असें हा पक्ष म्हणतो.

यांत तथ्य आहे. पण तें पुरेसें नाहीं. कापसाचीं मुख्य ठाणीं खानदेश व वऱ्हाड हीं होत. तेजीमंदीचा फटका त्यांस अधिक बसावयास पाहिजे. तथापि दंगा तेथें झाला नाहीं. लोहमार्ग सोलापूर जिल्ह्यांतूनहि गेला होता. तो जिल्हा १८७५ त शांत राहिला. उलट पारनेर व नगर या तालुक्यांतून त्या वेळीं आगगाडी गेलीच नव्हती. दौंड–मनमाड रस्ता १८७८ सालीं झाला. म्हणजे जेथें यंत्र होतें तेथें सर्वत्र दंगा नाहीं, आणि जेथें दंगा झाला तेथें सर्वत्र यंत्र नाहीं. अन्वय व व्यतिरेक या दोहों कसोट्यांवर हा पक्ष एकटा टिकत नाहीं.

३

दुसरा पक्ष कायद्याचा. दंग्यानंतर सरकारनें जी चौकशीमंडळी नेमली तिच्या बहुमताचा कल याच बाजूस होता. हें मत नवें नव्हतें. जमाबंदीच्या पाहणीचा आद्य प्रवर्तक कॅप्टन विंगेट यानेंच १८५२ सालीं दिवाणी कोर्टांनीं सावकाराच्या हातीं दिलेल्या शक्तीविषयीं सरकारास सावध केलें होतें.

पेशवाईंत कर्जवसुलीची रीत काय होती याचें वर्णन एल्फिन्स्टननें आपल्या १८१९ च्या अहवालांत केलें आहे. ऋणको देत नसेल तर धनको तगादा लावी, दारीं धरणें धरी, आणि वाद विकोपास गेल्यास पंचायतीपुढें जाई. या रीतींत जुलूम नव्हता असें नाहीं. परंतु तगादा करणारा व तगादा सोसणारा एकाच गांवीं राहत असत. सावकारास कुणब्याची जमीन बळकावण्यापेक्षां तो नांगर धरून राहण्यांतच हित असे. नव्या राज्यांत धरणें गुन्हा ठरलें, पंचायती मागें पडल्या, व तगाद्याचें काम कोर्टाच्या बेलिफाकडे गेलें. इ. स. १८२७ च्या नियमसंग्रहानें व्याजाची शेंकडा १२ ची मर्यादा घातली होती. ती १८५५ च्या २८ व्या कायद्यानें उठविली. नंतर १८५९ त मुदतीचा कायदा आला. नोंदणी न केलेल्या खतावर तीन वर्षांच्या आंत दावा न केल्यास तो बुडीत ठरूं लागला.

या शेवटच्या कायद्याची गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. त्याचा उद्देश ऋणकोचें रक्षण हाच होता. जुनाट व शंकास्पद देण्यांचा ससेमिरा त्याच्या मागें राहूं नये, अशी कल्पना. परिणाम उलटा झाला. मुदत संपत आली कीं सावकार म्हणे, "नवें खत लिहून दे, नाहींतर फिर्याद करितों." मग मागील मुद्दल व व्याज एकत्र करून त्या सर्वांचें नवें मुद्दल लिहिलें जाई. दरमहा शेंकडा दोन रुपये व्याजानें १०० रुपये घेतले असें समजा. तीन वर्षांनीं १७२ रुपयांचें खत झालें. सहा वर्षांनीं सुमारें २९६ चें. नऊ वर्षांनीं सुमारें ५०९ चें. आमच्या जुन्या धर्मशास्त्रांतील दामदुप्पटीच्या नियमानें व्याज मुद्दलापेक्षां अधिक वाढूं शकत नाहीं, आणि मुंबई इलाख्याचीं कोर्टें तो नियम मानीतहि असत. परंतु दर तीन वर्षांनीं मुद्दलच नवें होऊं लागल्यावर दामदुप्पट कशाची मोजावयाची? नियम पुस्तकांत राहिला व त्याचा आश्रय नाहींसा झाला.

असें खत बहुधा ऋणकोच्या हातचें नसे. मोडींत तें लिहिणारा दुसरा, वाचून दाखविणारा दुसरा. कुणब्याचा हात लागे तो खालीं नांगराची निशाणी करण्यापुरता. कोर्टापुढें मात्र निशाणी पटली कीं मजकूर पटला असें होई. पुष्कळ दावे एकतर्फी निकालांत निघत. दंग्याच्या आधींच १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यांतील करडें गांवीं एका देशमुखाच्या घरावर मारवाड्यानें हुकुमनामा बजावला, तेव्हां गांवानें मारवाड्यांवर बहिष्कार घातला होता. न्हावी, परीट, पाणक्या यांनीं सावकाराचें काम सोडलें. ही दंग्याची नांदी होती, आणि तिचें निमित्त हुकुमनामा हेंच होतें.

तथापि हा पक्षहि एकटा टिकत नाहीं. हे कायदे सबंध इलाख्यास लागू होते. केवळ त्यांच्यामुळें दंगा व्हावयाचा तर तो कोंकणांत व गुजराथेंतहि झाला पाहिजे होता.

४

तिसरा पक्ष साऱ्याचा. चौकशीमंडळींतील ऑकलंड कॉल्व्हिन यानें स्वतंत्र टिपण लिहून सरकारी जमाबंदीवर ठपका ठेवला. पुण्याच्या सार्वजनिक सभेनेंहि १८७३ च्या सुमारास हीच बाजू मांडली होती. १८३६ च्या आगेंमागें इंदापुरापासून सुरू झालेल्या पाहणीची तीस वर्षांची मुदत १८६७ त संपली. तेजीच्या वर्षांतील भाव पुढें धरून नवा आकार बसविला गेला, आणि तो वसूल होऊं लागला मंदीच्या वर्षांत. ही वाढ एवढी होती कीं १८७४ च्या आक्टोबरांत सरकारलाच तिला मर्यादा घालावी लागली: गांवांच्या गटावर शेंकडा ३३, एका गांवावर ६६ आणि एका खात्यावर १०० यांहून अधिक वाढ करूं नये, असें ठरलें.

या पक्षाची अडचण नगर जिल्ह्याची आहे. तेथील पहिली पाहणी मागाहून झालेली असल्यामुळें १८७५ त पारनेर, श्रीगोंदें वगैरे तालुक्यांत फेरआकारणी अद्याप आलेलीच नव्हती. तरी तेथें दंगा झाला.

५

तिन्ही पक्ष एकेकटे उणे पडतात. मग निर्णय काय? आमच्या मतें चूक आहे ती या तीन गोष्टी परस्परांपासून तोडून पाहण्यांत.

यंत्रानें जमिनीस बाजारभाव आणला. त्यापूर्वीं जमीन गहाण पडत नसे असें नव्हे. परंतु दूरच्या पेठेशीं संबंध जुळेपर्यंत सावकारास तिची हांव फार नव्हती. पाहणीच्या सांखळीनें त्या जमिनीस नंबर दिला, हद्द दिली व नकाशावर जागा दिली. ही मोजणी साऱ्यासाठीं झाली; पण नंबर मिळालेली जमीन सारा वसूल करणाऱ्यास जशी सोयीची, तशीच जप्त करणाऱ्यासहि सोयीची झाली. कायद्यानें खतास कोर्टांत किंमत दिली. या तिहींचा संगम ज्या वस्तूंत झाला ती वस्तु म्हणजे स्टांपाच्या कागदावरील कर्जरोखा. त्यांत लोहमार्गानें वाढविलेली पत होती, पाहणीनें दिलेला नंबर होता, आणि कायद्यानें घातलेली तीन वर्षांची मुदत होती.

चौकशीमंडळीनें नगर जिल्ह्यांतील बारा गांवांची कसून तपासणी केली. तींत असें दिसलें कीं सुमारें एक तृतीयांश खातेदार कर्जांत बुडालेले आहेत व त्यांचें कर्ज सरासरीनें साऱ्याच्या अठरा पटींच्या जवळपास आहे. अठरा वर्षांच्या साऱ्याएवढें देणें जेथें कागदावर उभें आहे, तेथें साऱ्याच्या थोड्या वाढीनें किंवा भावाच्या थोड्या उतारानेंहि तोल जातो. म्हणून एका तालुक्यांत साऱ्याची वाढ निमित्त झाली, दुसऱ्यांत मंदी, तिसऱ्यांत केवळ शेजारच्या गांवची वार्ता.

दंगेखोरांचें वर्तन हाच या मताचा प्रबळ पुरावा आहे. ज्या सावकारांनीं कागद मुकाट्यानें काढून दिले त्यांस सहसा इजा झाली नाहीं. ज्यांनीं नाकारिलें त्यांच्यावरच जबरदस्ती झाली. माणसें मारणें हा हेतु नव्हता. त्यांनीं लोहमार्गाच्या पट्ट्या उखडल्या नाहींत, कचेऱ्या जाळल्या नाहींत. इंग्लंडांत १८११ पासून विणकरांनीं मागांची मोडतोड केली व १८१२ त पार्लमेंटानें त्या अपराधास देहान्त शिक्षा ठरविली. त्या विणकरांचा रोष प्रत्यक्ष यंत्रावर होता. भिमथडीच्या कुणब्याचा रोष यंत्रावर नव्हता; यंत्राचें बळ ज्या कागदांतून त्याच्या दारीं आलें त्या कागदावर होता. सावकारांचे कागद काढून घेतले तर सरकारी अंमलदार काणाडोळा करतील, असा समजहि लोकांत पसरला होता. म्हणजे आपण कायद्याविरुद्ध उठलों असें त्यांस वाटत नव्हतें. कायद्याचें खरें मन आपल्या बाजूस आहे, मध्यें हा कागद तेवढा आडवा आला आहे, असें वाटत होतें. समजूत चुकीची होती, परंतु खत नाहींसें झालें कीं दावा नाहींसा होतो, हें त्यांचें ज्ञान चुकीचें नव्हतें. कोर्टानेंच त्यांस तें शिकविलें होतें.

६

आतां क्षोभाचा कायद्यावर परिणाम काय झाला तें पाहूं. चौकशीमंडळीचा अहवाल तयार झाला, पण कायदा लगेच झाला नाहीं. मध्यें १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ पडला. १८७८ त वृत्तपत्रांस जखडणारा देशी भाषांतील छापखान्यांचा कायदा व शस्त्रांचा कायदा हे दोन्ही झाले. १८७९ च्या आरंभीं वासुदेव बळवंत फडके यांचें बंड उभें राहिलें. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत पुण्यांतील बुधवारवाडा आगींत गेला. जुलैंत फडके पकडले गेले. त्याच जुलैंत गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलांत हॉप साहेबांनीं दख्खनच्या शेतकऱ्यांसंबंधाचें बिल मांडलें व तें १८७९ चा १७ वा कायदा म्हणून पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस १ नोव्हेंबरपासून लागू झालें. १८७५ च्या दंग्यानें प्रश्न विचारला; उत्तर मिळावयास दुष्काळ व बंड दोन्ही व्हावीं लागलीं. सौम्य क्षोभास चौकशी व तीव्र क्षोभास कायदा, हा क्रम राज्यकर्त्यांस भूषणावह म्हणतां येणार नाहीं.

या कायद्यानें न्यायाधीशास खताच्या मागें जाऊन देण्याचा मूळ इतिहास उकलून पाहण्याचा अधिकार दिला, कर्जापायीं शेतकऱ्यास कैद करणें बंद केलें, स्पष्ट गहाण नसलेली जमीन जप्तीपासून वांचविली, मुदत वाढविली, सलोखा करणारे पंच व ग्राममुनसफ नेमले. रा. ब. महादेव गोविंद रानडे यांनीं १८८१ पासून याच कायद्याखालीं न्यायाधीशाचें काम केलें. पण संशोधकाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची तरतूद ग्रामनोंदणीची. शेतकऱ्यानें करून द्यावयाचा दस्तऐवज गांवच्या नोंदणीकामगारानें स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखालीं लिहिला पाहिजे, असें ठरलें. कागद जाळून जो क्षोभ प्रगट झाला, त्याचें निरसन अधिक कागद उत्पन्न करून करण्यांत आलें.

सावकारानेंहि नवा मार्ग काढला. गहाणाचा इतिहास कोर्ट उकलूं लागल्यावर तो गहाणाऐवजीं खरेदीखत मागूं लागला. तोंडीं वचन असें कीं पैसे फेडल्यास जमीन परत. मग १९०७ त १० अ हें कलम घालून, खरेदीखत हें वस्तुतः गहाणच होतें असा तोंडीं पुरावा घेण्याची सोय करावी लागली. मुदतीच्या कायद्यांतून नूतनीकरण निघालें, नूतनीकरणांतून दंगा, दंग्यांतून नवा कायदा, आणि त्या कायद्यांतून खोटें खरेदीखत. कायद्यानें एक दार लावलें कीं व्यवहार दुसरें उघडतो.

७

येथें एका आक्षेपाचा परामर्ष घेतला पाहिजे. नील चार्ल्सवर्थ यांनीं १९७२ त प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असें प्रतिपादिलें कीं या दंग्यांचें महत्त्व फुगविलें गेलें आहे; गांवें थोडीं, हिंसा अल्प, आणि सर्वत्र जमिनी सावकारांच्या घशांत गेल्या असें म्हणण्यास आधार अपुरा. रविंदर कुमार यांच्या १९६८ च्या ग्रंथांत ग्रामसमाजाची घडी मोडल्याचें जें चित्र आहे त्यास हा मोठाच शह आहे. चार्ल्सवर्थ यांची सावधगिरी स्वागतार्ह आहे. परंतु दंग्याचें महत्त्व जळालेल्या घरांच्या संख्येवर ठरवावयाचें काय? ज्या दंग्यानें चार जिल्ह्यांचें ऋणविषयक कायदेशास्त्र बदललें व खताच्या मागें जाण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळवून दिला, तो आकारानें लहान असला तरी परिणामानें लहान नव्हता.

आणखी एक गोष्ट आहे, व ती आम्हां संग्राहकांस थेट लागू पडते. या वादांतील बहुतेक पुरावा सरकारी अहवाल व इंग्रजी पत्रव्यवहार यांचा आहे. सावकाराची वही व कुणब्याचें खत क्वचितच साक्षीस येतात. जीं खतें आज मिळतात तीं कोणत्या गांवचीं? जेथें दंगा झाला नाहीं, किंवा जेथें सावकारानें कागद लपविले, तेथलीं. सुप्याचीं जळालीं. म्हणजे आपला पुरावा मुळांतच एका बाजूस कललेला आहे, आणि तो उरलेल्या कागदांवरून सरासरी काढतांना ध्यानांत ठेविला पाहिजे.

८

असो. आमच्याकडील संग्राहकांची दृष्टि बहुधा १८१८ पाशीं थांबते. सनद, महजर, वतनपत्र, बखर यांचा शोध होतो. त्याच रुमालांत बांधलेलें स्टांपाच्या कागदावरील मोडी खत मात्र अलीकडचें म्हणून रद्दींत जातें. वस्तुतः अशा एका खतांत व्याजाचा दर, मुदत, मागील खताचा उल्लेख, जमिनीचा नंबर, लिहिणाराचें नांव, साक्षी व निशाणी इतक्या गोष्टी सांपडतात. एकाच कुळाचीं तीन तीन वर्षांच्या अंतरानें लिहिलेलीं चार खतें एकत्र मिळालीं, तर चौकशीमंडळीच्या बहुमताची व कॉल्व्हिनच्या टिपणाची परीक्षा त्यांवरून करतां येईल. मुद्दल कोणत्या वर्षीं वाढलें, तें नूतनीकरणानें वाढलें कीं साऱ्याच्या हप्त्यासाठीं नवें काढलें, हें त्यांवरच लिहिलेलें असतें.

म्हणून सूचना एवढीच कीं, गांवोगांवच्या जुन्या घरांतील दप्तरें पाहतांना १८५५ ते १९०७ या काळांतील कर्जरोखे, सावकारी वह्या, पावत्या, हुकुमनाम्यांच्या नकला व ग्रामनोंदणीचे कागद वेगळे काढून ठेवावे. ज्या क्रमानें बांधलेले असतील तो क्रम मोडूं नये, कारण कोणतें खत कोणत्या खतांतून निघालें हें पुष्कळदां त्या क्रमावरूनच समजतें. सुप्याच्या लोकांनीं कागद जाळले, त्यांस त्याचें कारण होतें. आम्हांस तसें कोणतेंहि कारण नाहीं. तरी दरसाल वाळवीच्या व रद्दीवाल्याच्या हातून त्याहून कितीतरी अधिक कागद नष्ट होतात, ही गोष्ट वाचकांनीं मनावर घ्यावी.